चाक कललंय, पण वाकलंय काय?

जुनी जिप्सी किंवा महिंद्राची जीप सपाट जागी उभी करून समोरून नीट पाहिली, की कधीकधी पुढचं एक चाक वरच्या बाजूला आत झुकलेलं दिसतं. मालक गाडी अलाइनमेंटला नेतो. यंत्रावर आकडा लाल येतो आणि तिथला कारागीर सांगतो, "याला कॅम्बरची सेटिंगच नसते." तो खरं तेच सांगत असतो. या गाड्यांत चाकाचा उभा कल, म्हणजेच कॅम्बर, बदलण्यासाठी एकही बोल्ट दिलेला नसतो. कारखान्यात जो कोन ठरला तोच गाडीच्या आयुष्यभर टिकायला हवा. म्हणूनच तो बदललेला दिसला, तर काहीतरी झिजलंय, सैल झालंय किंवा वाकलंय हे नक्की. नेमकं काय, हे शोधायचं बरंचसं काम अंगणात जॅक आणि ओळंबा घेऊन करता येतं.

आजच्या बहुतेक गाड्यांत पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी असतात. २०२० मध्ये आलेल्या थारमध्येही पुढे तशीच रचना आहे. अशा गाडीची स्प्रिंग बसली किंवा गाडी उंच केली, की चाकाचा कल बदलतो. सॉलिड ॲक्सलचं तसं नाही. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत पोलादी नळ्यांचा एकच सलग सांगाडा जातो, त्यात डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा बसवलेला असतो आणि पाटे त्याला यू-बोल्टने आवळलेले असतात. १९८५ मध्ये आलेली जिप्सी, विलीजच्या आराखड्यावर बनलेल्या महिंद्राच्या सीजे जीप आणि अमेरिकेतली रँग्लर या सगळ्यांच्या पुढे असा ॲक्सल आहे. २०२३ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या जिम्नीतही तो आहे, फक्त तिथे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा आहेत. पाटे बसोत, एखादं पान तुटो, बॉडी एका अंगावर झुको, चाकाचा ॲक्सलशी असलेला कोन तसाच राहतो. गाडी उचलल्याने कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे असलेला कल, बिघडू शकतो, पण कॅम्बर बिघडत नाही. "लिफ्ट किट टाकलं म्हणून चाक कललं" असं कोणी म्हणालं, तर ते कारण या गाड्यांना लागू नाही.

चाकाचा माथा बाहेर झुकला तर कॅम्बर धन, आत झुकला तर ऋण. जुन्या विलीज जीपचा मूळ कॅम्बरच दीड अंश धन होता. त्यामुळे जुन्या जीपची दोन्ही चाकं वर किंचित फाकलेली दिसली तर काळजीचं कारण नाही. चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर टायर जिथे टेकतो त्याच्या जवळ यावा, म्हणजे स्टिअरिंग हलकं जातं, या विचाराने तो कल दिलेला होता. रँग्लरसारख्या अलीकडच्या गाड्यांत तो शून्याच्या आसपास असतो. आपल्या गाडीचा मूळ आकडा काय, हे आधी तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावं.

तपासणीआधी स्टिअरिंग सरळ करा. वळवलेलं चाक कललेलं दिसणारच, कारण ज्या अक्षाभोवती ते वळतं तो अक्षच तिरका आहे. मग दोन्ही टायरांची हवा सारखी करा. जिप्सीच्या दोन चाकांत साधारण १३०० मिलिमीटर अंतर असतं. एका टायरमध्ये हवा कमी असल्याने ती बाजू १० मिलिमीटर खाली बसली, तर अख्खा ॲक्सल जवळजवळ अर्धा अंश तिरका होतो. यात एक खूण हमखास सापडते: दोन्ही चाकं एकाच दिशेला झुकतात, म्हणजे एकाचा माथा आत आणि दुसऱ्याचा बाहेर. जमीन उताराची असली तरी हेच होतं. जमिनीबद्दल शंका असेल तर एकदा मोजून गाडी त्याच जागी उलट तोंडाने उभी करावी, पुन्हा मोजावं आणि दोन आकड्यांची सरासरी घ्यावी. उताराचा भाग आपोआप वजा होतो.

मोजण्यासाठी रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकेल अशी सरळ पट्टी धरा आणि तिच्या शेजारी ओळंबा सोडा. वरच्या कडेपासून दोरीचं अंतर आणि खालच्या कडेपासूनचं अंतर यातला फरक हाच कल. टेकण्याच्या दोन बिंदूंत ४०० मिलिमीटर अंतर असेल तर १ अंशाला ७ मिलिमीटर फरक पडतो. पट्टी टायरच्या भिंतीवर टेकवू नका, टायर खाली फुगलेला असतो.

आता गाडी थोडी पुढे ढकलून चाक बरोबर अर्धा फेरा फिरवा आणि परत मोजा. वाकलेली गोष्ट चाकाबरोबर फिरते की फिरत नाही, एवढं यातून कळतं, आणि माझ्या मते या सगळ्या तपासणीत इतक्या कमी कष्टात इतकं सांगणारी दुसरी पायरी नाही. रिम किंवा हब (रिम ज्यावर आवळलेला असतो तो फिरणारा भाग) वाकलेला असेल तर आत झुकलेली बाजू आता खाली गेलेली असते, म्हणून फरकाचं चिन्ह उलटतं. आकडा तसाच राहिला तर दोष न फिरणाऱ्या भागात आहे: बेरिंग, नकल (ॲक्सलच्या टोकाला बसून चाकासकट डावी-उजवीकडे वळणारा तुकडा), किंगपिन (नकल ज्यांच्याभोवती वळतो त्या पिना) किंवा खुद्द ॲक्सल.

त्यानंतर तोच कल चाक हवेत असताना मोजा. ॲक्सलखाली जॅक लावा, मजबूत घोडी ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. जमिनीवर असताना टायर खालून वर रेटला जातो आणि चाकाचा माथा आत ढकलला जातो. हवेत असताना चाकाचं स्वतःचं वजन ते उलट दिशेला लोंबवतं. त्यामुळे सांधे सैल असतील तर दोन मापं वेगळी येतात, आणि जितका फरक तितका प्ले, म्हणजे सैलपणा. जमिनीवर आणि हवेत कल सारखाच आला तर सांधे घट्ट आहेत, काहीतरी वाकलेलं आहे.

प्ले असेल तर तो कुठला हे ओळखायला एक जुनी युक्ती आहे. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवा आणि कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबला की हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात. डुलणं थांबलं तर प्ले चाकाच्या बेरिंगमध्ये होता. ब्रेक दाबूनही चाक हलत असेल तर नकल आणि ॲक्सलचं टोक यांच्यातला सांधा गेलाय. रँग्लरमध्ये तिथे वर-खाली एकेक बॉलजॉइंट असतो. टायरखाली पहार घालून उचकटून पाहिलं की तो हलताना डोळ्यांना दिसतो. चाक फक्त तीन आणि नऊच्या जागी हलत असेल तर टायरॉडकडे (दोन्ही नकलांना जोडणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याकडे) बघा, कॅम्बरशी त्याचा संबंध नाही.

जिप्सीत आणि जुन्या जीपमध्ये बॉलजॉइंटच्या जागी किंगपिन असतात. ॲक्सलच्या टोकाला एक पोकळ गोल, त्याला बाहेरून वेढणारा नकल, वरून एक पिन आणि खालून एक पिन. प्रत्येक पिन टेपर रोलर बेरिंगमध्ये फिरते आणि तिच्या पाटीखाली पातळ पोलादी शिम असतात. बेरिंग किती दाबून बसावं हे त्या शिमच्या जाडीवर ठरतं. या बेरिंगांचं आयुष्य विचित्र असतं. चाकाचं बेरिंग सतत फिरत असतं, पण किंगपिनचं बेरिंग बहुतेक वेळ सरळ रस्त्याच्या स्थितीत थांबलेलं असतं आणि प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच रोलरांनी त्याच जागी खायचा असतो. हळूहळू रेसमध्ये, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यात, रोलरांच्या आकाराच्या खाचा पडतात. अशा गाडीचं स्टिअरिंग मध्यावर येताच किंचित अडकल्यासारखं होतं. टायरॉड सोडून नकल नुसता हाताने फिरवला तर ती खाच स्पष्ट जाणवते.

त्यात चिखल. गोलावरचं सील झिजलं की पाणी आत जातं. धावून तापलेला हब थंड ओढ्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्या गाड्यांत नकल उघडल्यावर ग्रीसऐवजी तांबूस लापशी निघते ती यामुळे. वरवर बघता नुकसान लहान वाटतं. समजा दोन पिनांत २०० मिलिमीटर अंतर आहे आणि बेरिंगांत मिळून १ मिलिमीटर प्ले आलाय. ७०० मिलिमीटर उंचीच्या टायरवर त्याचे साडेतीन मिलिमीटर होतात, कॅम्बर पाव अंशाच्या वर बदलतो आणि चाक थरथरायला मोकळं होतं. बेरिंग बदलून शिमने दाब परत बसवला की बहुतेक वेळा कल जिथल्या तिथे येतो. दाब अंदाजाने ठरवू नये. सील काढून नकलच्या टोकाला ताणकाटा लावावा, आणि तो किती ओढल्यावर नकल हलतो ते पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावं.

सगळे सांधे घट्ट आहेत आणि तरी चाक कललेलंच आहे, असं झालं की वाकलेला भाग शोधायचा. इथे भूमितीचा एक सुंदर नियम मदतीला येतो. किंगपिनचा अक्ष उभ्या रेषेपासून आत जितका झुकलेला असतो तो कोन, आणि कॅम्बर, यांची बेरीज नकलच्या घडणीतच पक्की झालेली असते. विलीजमध्ये हे आकडे साडेसात आणि दीड, बेरीज ९ अंश. समजा कॅम्बर ऋण १ अंश झालाय. अलाइनमेंटच्या यंत्रावर किंगपिनचा कोन १० अंश आला, तर बेरीज अजूनही ९ आहे. याचा अर्थ नकल निर्दोष आहे, तो ज्यावर बसलाय ते ॲक्सलचं टोकच अडीच अंशांनी फिरलंय. पण किंगपिनचा कोन साडेसातच राहिला, तर बेरीज साडेसहा होते आणि दोष नकलमध्ये किंवा त्याला जोडलेल्या स्टब ॲक्सलमध्ये (हब ज्यावर फिरतो त्या आखूड दांड्यात) सापडतो. हा कोन काढायला यंत्राला स्टिअरिंग दोन्हीकडे वळवावं लागतं, म्हणून घाईत तो वगळला जातो. मागून घ्यावा.

ॲक्सलचं टोक फिरलं असेल तर दुसरं चाकही बघा. गाडी उंचावरून आपटली की टोकं वर आणि मधला भाग खाली जातो, आणि दोन्ही चाकांचे माथे आत येतात. एकच चाक आत असेल तर त्या बाजूचा टोकाचा भाग वाकलाय. रँग्लरमध्ये नळीवर बसवलेला इंग्रजी सी आकाराचा तुकडा यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथले लोक त्याला आधीच पट्ट्या वेल्ड करून ठेवतात. मोठे टायर आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब आणि रिमच्या मध्ये घालतात ती जाड चकती) हा धोका वाढवतात. चाकावर ५०० किलो भार असेल आणि स्पेसरने ते ५० मिलिमीटर बाहेर गेलं, तर उभ्या गाडीतच २५ किलोग्रॅम-मीटर एवढा जादा पीळ त्या सांध्यावर येतो, आपटल्यावर त्याच्या कित्येक पट.

नकल आणि स्टब ॲक्सलच्या मध्ये तिरका शिम टाकून आकडा हिरवा करता येतो. अर्ध्या अंशाच्या जुन्या, स्थिर फरकाला तो उपाय चालेल. पण कल वाढत असताना शिम टाकणं मला धोक्याचं वाटतं, कारण वाकणारा भाग वाकतच राहतो. स्टब किंवा नकल वाकला असेल तर सरळ बदलावा. नळी वाकली की नाही हे पक्कं करायला डिफ आणि शाफ्ट काढून, डिफच्या बेरिंगांच्या बैठकीतून सरळ दांडा टोकापर्यंत घालतात. तो नळीच्या तोंडात मधोमध यायला हवा. सी वाकला असेल तर तो कापून, कोन मोजून पुन्हा वेल्ड करावा लागतो, आणि ते काम जाणकार वेल्डरचंच आहे. त्यानंतर टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, जुळवायचा, कारण कॅम्बर सरळ झाला की टोही थोडा सरकलेला असतो.