खुलासा (निवडणूक प्रचारातील)

खुलासा : प्रचारात केलेल्या एखाद्या विधानावर प्रतिस्पर्ध्याने हल्ला चढवल्यावर उमेदवाराने दिलेले उत्तर. अरबी-फार्सीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'सार' असा होता. मराठीत तो 'उलगडून सांगणे' झाला आणि राजकारणात शिरल्यावर त्याला आणखी एक छटा चिकटली. 'अमक्यांना खुलासा करावा लागला' एवढे वाचले की मुंबईकर अमके फसले असेच धरून चालतो. शेजारचे शब्दही याच घरातले आहेत. सारवासारव म्हणजे भेगाळलेल्या जमिनीवर शेणाचा हात फिरवणे. दिलगिरी माफीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून आधी तीच पुढे केली जाते. यांतले काहीच न करता गप्प बसण्यालाही मराठीत नाव आहे : अनुल्लेखाने मारणे.

या सगळ्यांत झिजून गुळगुळीत झालेले वाक्य म्हणजे 'माझ्या विधानाचा विपर्यास केला'. ते खरे असले तरी कोणी मानत नाही, कारण खोटे बोलणाराही तेच म्हणत असतो. म्हणून विपर्यास झाला असेल तर शब्दाने सांगून भागत नाही, मूळ विधान पुढचे-मागचे धरून लोकांपुढे ठेवावे लागते. ज्याच्याकडे स्वतःच्या भाषणाचे अखंड चित्रण नाही, त्याच्या हाती फक्त ते गुळगुळीत वाक्य उरते. मुंबईतले जाणते उमेदवार आता चौकसभेतही एक कार्यकर्ता मोबाइल घेऊन पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत उभा ठेवतात. सभेला गर्दी किती होती हे दाखवण्यापेक्षा ते चित्रण या कामाला जास्त येते.

मुंबईतील पेच

शहरात लोकसभेच्या ६ आणि विधानसभेच्या ३६ जागा आहेत, महापालिकेचे प्रभाग २२७. एकेका मतदारसंघात मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, तमिळ बोलणाऱ्या वस्त्या खेटून असतात. गिरगावात मराठीत म्हटलेले वाक्य तासाभरात भुलेश्वरच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर गुजराती ओळीसह फिरते आणि तिथे त्याचा सूर वेगळा लागतो. भाषणात जो टोमणा होता तो भाषांतरात धमकी होतो. त्यामुळे मुंबईत खुलासा करताना काय बोलावे याआधी कोणत्या भाषेत आणि कुठे बोलावे, हे ठरवावे लागते. जखम घाटकोपरला आणि मलमपट्टी दादरच्या पत्रकार परिषदेत, असे करून उपयोग होत नाही. पक्षाच्या वॉर रूममध्ये बसणाऱ्यांना हे शाखेतला गटप्रमुख समजावून सांगतो, पण त्याला विचारायला उशीर झालेला असतो.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबादेवी मतदारसंघात याचा नमुना दिसला. दक्षिण मुंबईचे खासदार अरविंद सावंत यांनी भाजपमधून शिंदे यांच्या शिवसेनेत आलेल्या उमेदवार शायना एन. सी. यांना उद्देशून हिंदीत 'इम्पोर्टेड माल' असा शब्द वापरला. बाजारपेठेच्या भागात 'माल' हा दिवसभर कानांवर पडणारा शब्द आहे. माणसाला, त्यातही बाईला लावला की त्याचा अर्थ काय होतो, हेही त्याच बाजारपेठेला ठाऊक असते. शायना यांनी 'महिला हूँ, माल नहीं' असे चार शब्दांत उत्तर दिले आणि पोलिसांत तक्रार केली. सावंत यांनी आधी संदर्भ समजावला, आपल्या आघाडीच्या उमेदवारालाही आपण 'ओरिजिनल माल' म्हटले होते असे सांगितले आणि मग दिलगिरी व्यक्त केली. संदर्भ खरा होता, पण शब्द वाचवायला तो अपुरा पडला. दिलगिरीच पहिल्या तासात आली असती तर मधला वेळ वाचला असता. जागा मात्र सावंत यांच्या आघाडीचे अमीन पटेल यांनीच जिंकली. एका शब्दावर निवडणूक फिरते असे प्रवक्त्यांना वाटते, तितक्या सहज ती फिरत नाही.

'असे'च्या आधी लागणारी कात्री

मराठी वाक्याच्या घडणीतच एक धोका आहे. प्रचारात दुसऱ्याचे म्हणणे खोडताना आपण ते म्हणणे आधी बोलतो आणि 'असे ते म्हणतात' हे मागाहून जोडतो. समजा, लालबागच्या सभेत उमेदवार म्हणाला : 'चाळीतल्या माणसाला पाचशे फुटांचे घर देणे परवडणार नाही, असे जे सांगतात, त्यांना मी विचारतो, तुमच्या बंगल्याचे फूट किती?' टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी 'परवडणार नाही' इथे कापलेली सहा सेकंदांची क्लिप चाळीच्या गटावर येते. आवाज त्याचा आहे, चेहरा त्याचा आहे, शब्दही त्याचेच आहेत. एकही अक्षर बदललेले नसताना अर्थ उलटा झाला आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर ठरलेले असताना, ज्याचा निर्णय अजून लटकलेला आहे त्या चाळकऱ्याला ही क्लिप किती झोंबेल, हे सांगायला नको.

आता हा उमेदवार काय करतो? सवयीने तो म्हणतो, 'पाचशे फुटांचे घर परवडणार नाही असे मी कधीच म्हणालो नाही.' म्हणजे विरोधकाने कापलेले वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने दुसऱ्यांदा म्हटले, आणि तेही पुन्हा 'असे'च्या आधी. कात्री लावायला नवे कापड मिळाले. त्यापेक्षा अखंड चित्रण त्याच गटावर टाकावे, सोबत एकच ओळ लिहावी : 'पूर्ण ऐका, माझा प्रश्न शेवटी आहे.' संध्याकाळी त्याच चौकात उभे राहून आपली बाजू होकारात सांगावी : पाचशे फूट मिळाले पाहिजेत, मी त्यासाठी अमुक केले, अमुक करणार. आरोपाचे शब्द उच्चारायचेच नाहीत. पुढच्या सभांसाठी उपाय व्याकरणात आहे. बोलणाऱ्याचे नाव आधी घ्यावे आणि 'की' वापरावा : 'ते म्हणतात की...' हे वाक्य कुठेही कापले तरी 'ते म्हणतात' पुढेच राहते. अगदी पुढचे दोन शब्द कापणारेही भेटतात, पण मग जोड कानाला लागते.

परमेश्वर आणि पाटील

विधानाचा हल्ला परतवता न आल्याचे मुंबईतले सर्वांत गाजलेले उदाहरण १९६७ चे आहे. दक्षिण मुंबईत काँग्रेसचे स. का. पाटील उभे होते. तीनदा महापौर, केंद्रात मंत्री, मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवले जाणारे. समोर महापालिकेतले नगरसेवक आणि कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस. आपल्याला परमेश्वरही हरवू शकत नाही, अशा अर्थाचे उत्तर पाटील एका पत्रकाराला देऊन बसल्याचे सांगितले जाते. फर्नांडिस यांच्या माणसांनी त्या वाक्याला विरोधच केला नाही. पाटलांना परमेश्वर हरवू शकत नाही, पण तुम्ही हरवू शकता, अशा आशयाचा मजकूर भिंतींवर चढला. पाटील हरले आणि फर्नांडिस 'जायंट किलर' झाले.

यात विपर्यास काडीचा नव्हता. विधान जसेच्या तसे घेतले होते, फक्त त्याला पुढचे अर्धे वाक्य जोडले होते. अशा हल्ल्याला खुलासा लागू पडत नाही. वाक्य मागे घ्यावे तर घाबरल्याचे दिसते, तसेच ठेवावे तर माज दिसतो. स्वतःवर हसून दाखवणे ही एक वाट उरते, पण ती पाटलांच्या स्वभावात नव्हती.

याच पाटलांची आधीची गोष्ट याच्या उलट आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये चौपाटीच्या सभेत त्यांनी आणि मोरारजी देसाई यांनी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा अर्थाची विधाने केली. लोकांनी सभा उधळली. संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठांवरून ती विधाने पुढे वर्षानुवर्षे आठवून दिली गेली, आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'ने त्यांना थंड होऊ दिले नाही. तरीही १९५७ मध्ये पाटील दक्षिण मुंबईतून निवडून आले, १९६२ मध्येही आले. गिरणगावात ज्या वाक्याने आग लागली, ते त्यांच्या मिश्र भाषांच्या मतदारसंघात त्यांना बुडवू शकले नाही. हल्ला कोणाच्या कानांवर पडतो आहे ते आपल्या मतदाराशी ताडून पाहायचे, मग उत्तराचा खर्च करायचा, हा हिशेब तेव्हाही होता.

माफी, आत्मक्लेश, तिजोरी

विधान खरोखरच चुकले असेल तर खुलासा करू नये, माफी मागावी. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील पत्रकार परिषदेत हिंदीत, मोठमोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात, या अर्थाचे बोलून गेले. वाक्य सिनेमातल्या संवादाच्या चालीवर होते. मराठीत बोलले असते तर ते त्यांच्या तोंडून आले नसते, असे या नोंदकाराला वाटते. विपर्यास झाल्याचे म्हणणे चितेच्या धगीत कोणी ऐकले नाही आणि १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी तासगावातून ते पुन्हा निवडून आले आणि पुन्हा गृहमंत्री झाले. एप्रिल २०१३ मध्ये धरणातल्या पाण्यावरून अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यात केलेल्या वक्तव्याने मुंबईत विधिमंडळाचे कामकाज रोखले गेले. त्यांनी माफी मागितली आणि नंतर कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. वाक्य त्यामुळे पुसले गेले नाही, विरोधक ते पुढेही वाजवत राहिले, पण माफी मागून झालेल्या माणसाला त्यावर दर वेळी नवे उत्तर शोधावे लागत नाही.

जुन्या विधानांवरचा हल्ला वेगळा असतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत एकही उमेदवार उभा न करता राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणे पडद्यावर दाखवली. भाजपने आशिष शेलार यांच्या हस्ते मुंबईत चित्रफितींनीच उत्तर दिले. पडद्याला पडदा, हे धोरण बरोबर होते. शहरातल्या सहाही जागा भाजप-शिवसेनेने जिंकल्या, मात्र त्याचे श्रेय त्या उत्तराला किती द्यायचे, हा वादाचा भाग. घोषणेवरचा हल्ला त्याहून अवघड : १८ नोव्हेंबर २०२४ रोजी, प्रचार संपायच्या दिवशी, राहुल गांधी यांनी मुंबईतल्या पत्रकार परिषदेत 'एक है तो सेफ है' या भाजपच्या घोषणेतल्या 'सेफ'ची खरीखुरी तिजोरी मांडली आणि तिच्यातून धारावीचा नकाशा काढला. तिजोरीला शब्दांनी उत्तर देणे फिके पडते. अशा वेळी विषय बदलणेच बरे.

कोण बोलणार, हाही प्रश्न असतो. 'ती त्यांची वैयक्तिक भूमिका आहे' हे वाक्य पक्ष स्वतःला वाचवायला वापरतो, उमेदवार त्यात एकटा पडतो. विधान उमेदवाराचे असेल तर उत्तरही त्यानेच द्यावे. दारात आलेल्या वाहिन्यांच्या बूमसमोर चालता चालता दिलेला बाईट हे उत्तर नव्हे, त्यातून बहुधा दुसरे वादग्रस्त विधान निघते.

कायदा

निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेनुसार टीका धोरणे, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यांपुरती असावी. खासगी आयुष्यावर, तसेच पडताळणी न केलेल्या आरोपांवर किंवा विपर्यासावर ती आधारलेली नसावी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२३(४) नुसार, स्वतःलाच खरे वाटत नसलेले खोटे विधान उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल वा वर्तनाबद्दल करून त्याच्या निवडीला बाधा आणणे हे भ्रष्ट आचरण ठरते. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. पण ही घड्याळे प्रचाराच्या वेळेवर चालत नाहीत. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील, धर्माच्या नावाने मते मागणाऱ्या भाषणांवरून रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का पडायला डिसेंबर १९९५ उजाडला. त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या बाजूने निकाल लागला. पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, हे फेब्रुवारी १९९० मधले त्यांचे शिवाजी पार्कवरचे विधान कितीही निंद्य असले तरी ती फार तर आशा आहे, धर्माच्या नावाने मतांचे आवाहन नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तोवर ते मुख्यमंत्री झाले होते.

बनावट मजकुराबाबत आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना तंबी दिली : लक्षात आल्यापासून तीन तासांत तो आपल्या समाजमाध्यम खात्यांवरून काढावा. चाळीच्या गटावर फिरणाऱ्या क्लिपला कोणाचेच खाते नसते.

खरी परीक्षा मतदानाआधीच्या ४८ तासांत होते. कलम १२६ प्रमाणे सभा, मिरवणुका बंद होतात, दूरचित्रवाणीवरून प्रचार करता येत नाही. मुरलेले विरोधक नेमका तोच मुहूर्त धरतात. उमेदवाराजवळ तेव्हा घरोघर जाणारी माणसे उरतात आणि फार तर एक पत्रक. कलम १२७अ नुसार त्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापावाच लागतो. रात्री दोनच्या सुमारास दाराखालून आत सरकवलेल्या पत्रकावर तो नसतो, आणि सकाळी दूध घ्यायला दार उघडणाऱ्याच्या पायाशी आधी तेच येते.