चुराउमी मत्स्यालय

चुराउमी मत्स्यालय : जपानमधील ओकिनावा बेटावर, मोतोबु येथे अगदी समुद्रकाठी असलेले मत्स्यालय. ते महासागर प्रदर्शन उद्यान या सरकारी उद्यानाचा भाग आहे. उद्यानाच्या आवारातच डॉल्फिनचे तलाव, समुद्री कासवांचे दालन आणि मॅनाटी या शाकाहारी सागरी सस्तन प्राण्याचे दालन आहे. ‘चुरा’ म्हणजे ओकिनावाच्या स्थानिक भाषेत सुंदर, ‘उमी’ म्हणजे समुद्र. बेटाची राजधानी नाहा येथून मोटारीने सुमारे दोन तास लागतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होते. १५ मे १९७२ रोजी ते जपानला परत मिळाले आणि त्या आनंदात जुलै १९७५ ते जानेवारी १९७६ या काळात मोतोबु येथे आंतरराष्ट्रीय महासागर प्रदर्शन भरले. प्रदर्शनाच्या जागेचे पुढे उद्यान झाले. त्या वेळचे मत्स्यालय २००२ मध्ये बंद करून १ नोव्हेंबर २००२ रोजी सध्याची इमारत खुली झाली.

या इमारतीत वरून शिरायचे आणि खाली उतरत जायचे. सर्वांत वर उथळ पाण्यातली प्रवाळे, मधल्या मजल्यांवर खुला समुद्र, तळाशी खोल समुद्रातले प्राणी. समुद्रात बुडी मारणाऱ्याला जे ज्या क्रमाने दिसेल ते इथे जिने उतरताना दिसते, आणि हीच या वास्तूची सर्वांत मोठी खुबी आहे. प्रवाळांच्या टाकीवर छप्पर नाही. प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना ऊन लागते, ते दिव्यांवर भागवलेले नाही. शेजारच्या समुद्रातून ताजे पाणी सतत खेचून आत सोडले जाते. त्यामुळे टाकीतली प्रवाळे जगतात आणि बाहेरच्या प्रवाळांप्रमाणे दरवर्षी अंडीही सोडतात.

मधल्या भागातली ‘कुरोशिओ’ टाकी पाहायला माणसे जगभरातून येतात. कुरोशिओ म्हणजे ‘काळा प्रवाह’. फिलिपीन्सच्या पूर्वेकडून तैवानला वळसा घालून जपानकडे जाणारा हा उष्ण सागरी प्रवाह. त्यात पोषकद्रव्ये कमी, म्हणून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीवही कमी, म्हणून पाणी नितळ आणि वरून काळसर निळे दिसते. टाकी ३५ मीटर लांब, २७ मीटर रुंद, १० मीटर खोल असून तिच्यात ७,५०० घनमीटर, म्हणजे ७५ लाख लिटर पाणी मावते. समोरची पारदर्शक भिंत २२.५ मीटर रुंद, ८.२ मीटर उंच आणि ६० सेंटीमीटर जाड आहे. ही काच नव्हे, ॲक्रिलिक हे पारदर्शक प्लॅस्टिक आहे. अनेक थर एकावर एक चिकटवून ती इतकी जाड केली आहे आणि तरीही पलीकडचे दृश्य धूसर होत नाही. उद्घाटनाच्या वेळी अशी भिंत जगात दुसरीकडे नव्हती. पुढे अटलांटा, दुबई येथील मत्स्यालयांनी मोठेपणाचे विक्रम मागे टाकले.

टाकीतला मुख्य रहिवासी व्हेल शार्क. नावात व्हेल असले तरी हा देवमासा नाही, तो मुशीच्या कुळातला आहे आणि जगातला सर्वांत मोठा मासा आहे. जिंता नावाचा नर १९९५ मध्ये जुन्या मत्स्यालयात आला. बंदिस्त पाण्यात इतकी वर्षे जगलेला दुसरा व्हेल शार्क नाही. अन्न देताना तो शेपूट खाली, तोंड वर असा उभा राहतो आणि तोंड उघडून पाण्यासकट सगळे आत ओढतो. टाकीची दहा मीटर खोली त्याला असे उभे राहता यावे म्हणूनही कामी येते. ज्याला एकच गोष्ट पाहण्याइतका वेळ असेल त्याने ही खाण्याची वेळ विचारून ठेवावी आणि आधीच भिंतीशी जागा धरावी. याच टाकीत जून २००७ मध्ये मँटा या महाकाय पाकट माशाचे पिल्लू जन्मले. मत्स्यालयात मँटा जन्मण्याची ती जगातली पहिलीच वेळ.

व्हेल शार्क आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येतो. गुजरातच्या किनाऱ्यावर तेलासाठी, मांसासाठी त्याची मोठी शिकार होत असे. २००१ मध्ये भारताने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश केला.

बाहेरचे डॉल्फिनचे खेळ विनामूल्य आहेत. मागे खुला समुद्र आणि पलीकडे इए बेटाचा सुळका, अशी ती जागा मनोहर आहे. पण डॉल्फिनच्या बाबतीत मत्स्यालयाची बाजू लंगडी पडते. रोज दूरवर पोहणारा, आवाजाच्या प्रतिध्वनीने जग ओळखणारा हा प्राणी सिमेंटच्या तलावात कोंडला जातो. भारताच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये देशात डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रे उभारू न देण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच आहे. दापोलीला किंवा तारकर्लीला पहाटे होडीतून गेल्यावर क्षणभर पाठ दिसते, तेवढे दर्शन पुरेसे आहे.

तरीही फुजीची नोंद केल्यावाचून राहवत नाही. बरीच वर्षे इथे असलेल्या या मादी डॉल्फिनची शेपटी २००२ मध्ये रोगाने सडली आणि सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापावा लागला. शेपटीवाचून तिला नीट पोहता येईना. तेव्हा ब्रिजस्टोन या टायर बनवणाऱ्या कंपनीने मत्स्यालयातल्या पशुवैद्यांबरोबर पुन:पुन्हा नमुने करून रबराची कृत्रिम शेपटी घडवली. ती लावून फुजी पुन्हा पोहू लागली, पाण्याबाहेर उडीही मारू लागली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ती याच आवारात मरण पावली.