जॉन अर्शेल : व्यावसायिक फुटबॉल कारकीर्द

जॉन अर्शेल (२४ जून १९९१ – ). अमेरिकन फुटबॉलमधील माजी लाइनमन आणि गणितज्ञ. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये तो बाल्टिमोर रेव्हन्स या एकाच संघाकडून २०१४ ते २०१६ असे तीन हंगाम खेळला. सामने ४०, त्यांपैकी १३ सामन्यांत तो सुरुवातीच्या संघात होता.

जन्म कॅनडातल्या विनिपेगचा, पण तो वाढला अमेरिकेत बफेलोला. पेन स्टेट विद्यापीठात खेळत असतानाच त्याने गणितात पदवी व पदव्युत्तर पदवी मिळवली आणि तिथल्या मुलांना गणित शिकवलेही. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) रेव्हन्सने त्याला पाचव्या फेरीत, १७५ व्या क्रमांकावर घेतले. इतक्या मागून आलेल्याला संघात टिकायचीच धास्ती असते.

लाइनमनच्या हाती सहसा चेंडू येत नाही. एक हात जमिनीला टेकवून वाकायचे आणि चेंडू हलताच अंगावर येणाऱ्या बचावपटूला हातांनी, खांद्यांनी थोपवून क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे. हे जमले तर कोणी पाहत नाही, चुकले तर सगळे पाहतात. सुमारे १३५ किलोंचा अर्शेल सेंटर (फळीच्या मधोमध, चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणारा) आणि गार्ड (त्याच्या शेजारचा) अशा दोन्ही जागा सांभाळी, त्यामुळे राखीव म्हणून संघाला सोयीचा होता. पहिल्याच हंगामात दुखापतींनी फळी खिळखिळी झाली, तेव्हा नेहमीचा गार्ड मार्शल यांडा याला टॅकलच्या, म्हणजे फळीच्या टोकाच्या, जागी सरकवून बाद फेरीत उजव्या गार्डची जागा अर्शेलला दिली गेली. जानेवारी २०१५ मधला तो सामना रेव्हन्सने पिट्सबर्गच्या मैदानावर ३०–१७ असा जिंकला.

त्याच वर्षी मोठ्या आलेखांचे (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांचे) फीडलर सदिश, म्हणजे असे जाळे भागांत विभागायला उपयोगी पडणारे आकडे, झटपट काढण्याच्या रीतीवरचा त्याचा सहलेखकांसोबतचा शोधनिबंध छापून आला. समोरच्याला धडकण्यात आपल्याला मजा येते, असे त्याने मार्चमध्ये लिहिले होते. ऑगस्टमध्ये सराव शिबिरात डोक्याला मार बसून तो बेशुद्ध पडला. मैदानावर तो काही आठवड्यांत परतला, उच्च गणित मात्र त्यानंतरही काही काळ जमेना. तरीही तो आणखी दोन हंगाम खेळला. २०१६ पासून अमेरिकेतल्या एमआयटीत (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) पीएचडीही सुरू होती.

२७ जुलै २०१७ रोजी, शिबिराच्या तोंडावर, वयाच्या २६ व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. दोनच दिवसांपूर्वी एनएफएलच्या १११ दिवंगत खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई हा डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडला जाणारा विकार आढळल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे बातम्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. (तपासलेले मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, सरसकट निवडलेले नव्हते, हे मथळ्यांत क्वचितच आले.) स्वतः अर्शेलने निवेदनात पूर्णवेळ अभ्यास आणि येऊ घातलेले मूल यांचा उल्लेख केला. ‘गणितासाठी फुटबॉल सोडला’ ही प्रचलित मांडणी अपुरी वाटते. तीन वर्षे त्याने दोन्ही रेटले होते, तेही राखीव खेळाडूच्या अस्थिर जागेवरून.

२०२१ मध्ये त्याला पीएचडी मिळाली. पुढे तो एमआयटीच्याच गणित विभागात सहायक प्राध्यापक झाला.