सोसायटीचे जुने उपविधी बदलण्यापूर्वी: सभासद व व्यवस्थापन समितीसाठी माहितीपत्रक

सोसायट्यांचे हिशेब आणि सचिवीय कामकाज पाहणाऱ्या आमच्या कार्यालयाकडे "उपविधी फार जुने झाले आहेत, बदलून द्या" अशी विनंती कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी अशा भागांतील जुन्या इमारतींकडून वारंवार येते. विनंती रास्त असली, तरी जो नियम त्रासदायक वाटतो तो उपविधींत (म्हणजे संस्थेच्या नोंदवलेल्या नियमावलीत, बाय-लॉजमध्ये) असतोच असे नाही. म्हणून कोणताही मसुदा करण्यापूर्वी तो नियम नेमका कोठून आला आहे, हे आम्ही आधी तपासतो.

पहिली तपासणी इमारतीच्या नोंदणीची. पुण्यात सहकारी गृहनिर्माण संस्थांइतकीच अपार्टमेंटची पद्धतही रुळलेली आहे, आणि बोलताना दोन्हींना सर्रास "सोसायटी" म्हटले जाते. अपार्टमेंटला 1970 चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागू होतो. त्यातील सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक मालमत्तेतील न विभागलेल्या वाट्याच्या) टक्केवारीने वाटला जातो आणि ही टक्केवारी या कायद्याखाली नोंदवलेल्या घोषणापत्रात नमूद असते. सहकारी संस्थेत मात्र सुरक्षारक्षक, सफाई, सामाईक वीज यांसारखे सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. एका पद्धतीचा नियम दुसरीकडे आणता येत नाही. पुढील मजकूर केवळ सहकारी संस्थांसाठी आहे.

संस्थेत तीन प्रकारचे नियम एकाच वेळी लागू असतात. सर्वांत वर 1960 चा सहकारी संस्था कायदा, 1961 चे नियम आणि शासनाचे आदेश; त्याखाली निबंधकांकडे नोंदवलेले उपविधी; आणि शेवटी सर्वसाधारण सभेचे ठराव व समितीने फलकावर लावलेल्या सूचना. आमच्या अनुभवात बहुतेक तक्रारी या शेवटच्या प्रकारातील नियमांविषयी असतात. विद्यार्थ्यांना किंवा अविवाहितांना सदनिका भाड्याने देऊ नये, समितीच्या परवानगीशिवाय भाडेकरू ठेवू नये, कुत्रा पाळू नये, अशा सूचना वर्षानुवर्षे जिन्याखाली लावलेल्या असतात आणि त्यांचा मूळ ठराव शोधूनही सापडत नाही. आदर्श उपविधींनुसार (संस्थांसाठी तयार केलेल्या नमुना उपविधींनुसार) भाडेकरू ठेवण्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही. आगाऊ सूचना, लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. असा फलक काढण्यासाठी उपविधीदुरुस्तीचा खर्च करू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

याच्या उलट, काही गोष्टी एकमताने ठराव झाला तरी बदलत नाहीत. ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशांनुसार बिनभोगवटा शुल्क (सदनिका भाड्याने दिल्यास संस्था घेते ते शुल्क) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची (सदनिका दुसऱ्याच्या नावे होताना संस्था घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. जुन्या उपविधींत किंवा जुन्या ठरावात याहून मोठा आकडा असला, तरी त्याच्या आधारे केलेली वसुली टिकत नाही.

जेथे उपविधी खरोखरच जुने आहेत, तेथे 2014 चे आदर्श उपविधी स्वीकारणे हा सोयीचा मार्ग आहे. ते आपोआप लागू होत नाहीत. संस्थेने ते स्वीकारून नोंदवावे लागतात. त्यांत दुरुस्ती व देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी वा पुनर्बांधणीसाठीचा राखीव निधी) किमान 0.25 टक्के, पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येनुसार व आकारानुसार आणि थकबाकीवर कमाल 21 टक्के सरळव्याज अशा तरतुदी आहेत. जागा कमी असल्यास पार्किंगचे वाटप दरवर्षी चिठ्ठ्या टाकून करण्याची सोयही आहे, आणि दुचाकींच्या काळात बांधलेल्या इमारतींना तीच सर्वांत उपयोगी पडते. तथापि 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात 13-ब हे स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार सभासदाच्या निधनानंतर वारसांचा निर्णय होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सभासद करून घेतले जाते. त्यामुळे 2014 चा छापील संच जसाच्या तसा स्वीकारला तरी काम पुरे होत नाही. या प्रकरणाशी त्याचा एकेक मुद्दा ताडून पाहावा लागतो.

दुरुस्तीची रीत कायद्याच्या कलम 13 मध्ये आणि 1961 च्या नियमांत दिली आहे. दुरुस्तीचा मजकूर सभेच्या सूचनेसोबत सभासदांना मिळायला हवा; "आयत्या वेळच्या विषयां"त तो घेऊ नये. वार्षिक सभेसाठी पूर्ण 14 दिवसांची सूचना लागते. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश सभासदांनी ठराव संमत केल्यावर सभेपासून दोन महिन्यांच्या आत ठरावाची प्रत, सभेची सूचना, जुना व नवा मजकूर आणि बदलाची कारणे यांसह उपनिबंधकांकडे अर्ज करावा. इतिवृत्तात बाजूची व विरोधातील मते आकड्यांत लिहावीत, कारण "सर्वानुमते मंजूर" या शब्दांवर पुढे वाद होतात. नोंदणी होईपर्यंत नवा नियम अमलात येत नाही, म्हणून त्याप्रमाणे बिले काढण्याची घाई करू नये.

पहिल्या भेटीस येताना नोंदणी प्रमाणपत्र, नोंदवलेल्या उपविधींची प्रत आणि मागील सभांची इतिवृत्ते आणावीत. उपविधींची मूळ प्रत हरवली असल्यास उपनिबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मागवता येते, आणि तो अर्ज आम्ही तयार करून देतो. कागदपत्रे पाहिल्यावर उपविधीदुरुस्तीची गरज नाही असे आढळल्यास तसे संस्थेला लेखी कळवले जाते.