मागील पानावरून पुढे: आईची भिशी, टेंभली आणि बिटकॉइन

आमच्या आईची भिशी आहे. बारा बायका, महिन्याला हजार हजार, आणि ती ज्या वहीत लिहिली जाते ती लाल पुठ्ठ्याची वही देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असते, तिला कोणी हात लावायचा नाही, लहानपणी मी तिच्या मागच्या पानावर बैल काढला होता तेव्हा बसलेला धपाटा अजून आठवतो. पान संपलं की खाली बेरीज, आणि पुढच्या पानावर सगळ्यात वरती "मागील पानावरून पुढे" लिहून तोच आकडा. हे आई शाळेत नाही शिकली, किराणा दुकानदाराचं बघून शिकली.

मागच्या उन्हाळ्यात शहाद्याचे मामा आले होते. शेवभाजी वरपता वरपता एकदम म्हणाले, "भाचा, हाई बिटकॉइन ऱ्हास तरी कसं?" (म्हणजे, हे बिटकॉइन असतं तरी कसं?) मी म्हटलं मामा तुम्हाला कुठून आठवलं हे, तर निघालं असं की त्यांना ओळखीतल्या कोणीतरी एका हॉलमधल्या मीटिंगला नेलं होतं, चहा-समोसा, कोटवाला माणूस, आफ्रिकेतले गरीब लोक कॉइनमुळे बँकांच्या तावडीतून कसे सुटले त्याचा व्हिडिओ, आणि शेवटी मुद्द्याचं, सहा महिन्यांत पैसे डबल. डबल म्हटलं की फ्रॉड, त्यावर मी दोन मिनिटं पण घालवली नाहीत. पण व्हिडिओचा पहिला भाग डोक्यात राहिला. गरीब देशातल्या माणसाला ह्याचा खरंच काही उपयोग होतो का? हा प्रश्न फालतू नाहीये, आणि त्याचं उत्तर "हो" पण नाही आणि "सगळं थोतांड" पण नाही.

आधी मामांना जे सांगितलं तेच सांगतो. मोबाईलवरची कुठलीही गोष्ट कॉपी होते. सकाळी आलेला गुड मॉर्निंगचा फोटो तुम्ही पन्नास जणांना पाठवता आणि तुमच्याकडचा कमी होत नाही. पैशाचं असं झालं तर संपलं, एकच शंभर रुपये मी तुम्हाला पण देईन आणि दूधवाल्याला पण देईन. म्हणून आजवर मध्ये कोणीतरी वही धरून बसलेला लागायचा, बँक म्हणा, पतसंस्था म्हणा, तो लिहितो की ह्याचे कमी झाले, त्याचे वाढले. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो ह्या नावाने कोणीतरी (कोण ते आजपर्यंत कळलेलं नाही) एक लेख टाकला आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन चालू पण करून दाखवलं, त्याचं म्हणणं एवढंच की वही एकाकडे ठेवूच नका, सगळ्यांकडे एकेक प्रत ठेवा.

म्हणजे समजा भिशीतल्या बाराही बायकांकडे तीच वही. आता आईने गुपचूप पान नंबर चारवर खाडाखोड केली तर? तिथेच "मागील पानावरून पुढे" कामाला येतं. प्रत्येक पानाचा मिळून एक ठसा काढतात, ६४ अक्षर-आकड्यांची ओळ असते ती, आणि पानावरचा एक स्वल्पविराम जरी बदलला तरी अख्खी ओळ वेगळीच येते. हा ठसा पुढच्या पानावर लिहिलेला असतो, त्या पानाचा त्याच्या पुढच्यावर, असं साखळीसारखं. चार नंबरचं पान बदललं की पाच, सहा, सात, सगळ्यांचे ठसे चुकतात आणि बाकीच्या अकरा वह्या सांगतात की बाई, तुझी वही खोटी. ब्लॉकचेन ब्लॉकचेन म्हणतात ते हेच.

मग नवीन पान लिहायचं कोणी? बिटकॉइनमध्ये त्यासाठी साधारण दर दहा मिनिटांनी एक लॉटरी लागते. लोक म्हणतात कॉम्प्युटर अवघड गणितं सोडवतात, तसं काही नाही, तो बिचारा एक आकडा बदलत राहतो, ठसा काढतो, ठशाच्या सुरुवातीला पुरेसे शून्य आले का बघतो, नाही आले तर पुन्हा, सेकंदाला अब्जावधी वेळा. ज्याला लागलं तो पान लिहितो आणि त्याला नवीन कोरी नाणी बक्षीस मिळतात, सुरुवातीला ५० मिळायची, साधारण चार वर्षांनी निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आलीत, आणि एकूण २ कोटी १० लाखांच्या वर कधीच निघणार नाहीत. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं, वस्तू कमी आहे म्हणून भाव आहे.

पण ह्या लॉटरीला वीज लागते, वर्षाला १०० अब्ज युनिटच्या वर. हा आकडा कळत नाही म्हणून मी भुसावळजवळच्या आपल्या दीपनगर वीज केंद्राचा हिशोब लावला, तिथला ५०० मेगावॅटचा एक संच वर्षभर एक मिनिट न थांबता चालला तर साधारण ४३८ कोटी युनिट होतात, म्हणजे असे बावीस-तेवीस संच फक्त वही खरी ठेवायला. आणि इकडे आपला शेतकरी केळीला पाणी द्यायला रात्री दोनला मोटार चालू करायला उठतो. (सगळीच नाणी अशी खादाड नाहीत, इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलली आणि त्यांची वीज ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली.)

आता गरीब देश. इथे मला वाटतं दोन अगदी वेगळे आजार लोक एकत्र करतात. एक आजार म्हणजे माणसाकडे खातंच नाही, बँक पंचवीस किलोमीटरवर, कागदपत्रं नाहीत. दुसरा म्हणजे खातं आहे, पैसे पण आहेत, पण पैसाच सडलाय.

दुसऱ्याचं आधी सांगतो कारण तिथे क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी ही सगळी नाणी, खरंच चाललंय. अर्जेंटिनात २०२३ मध्ये महागाई २११ टक्के होती, म्हणजे जानेवारीत शंभरची वस्तू डिसेंबरला तीनशे अकराला, आणि डॉलर घ्यायला सरकारने बंधनं घातलेली. लेबनॉनमध्ये २०१९ मध्ये बँकांनी लोकांच्या ठेवीच अडकवून ठेवल्या. पतसंस्थेच्या बंद शटरपुढे उभं राहिलेली माणसं आमच्याकडे कमी नाहीत, त्यामुळे हे दुःख खान्देशात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अशा ठिकाणी लोक बिटकॉइनपेक्षा जास्त वापरतात ते स्टेबलकॉइन, म्हणजे एक नाणं बरोबर एक डॉलर, टेदरसारखं, जे २०१४ पासून आहे. पोरगा ऑनलाइन काम करतो, पगार त्यात घेतो, लागेल तसं गल्लीतल्या माणसाकडून पेसोत बदलून घेतो. नायजेरियात ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसांच्या जुलमाविरुद्ध आंदोलन पेटलं, त्यात मदत गोळा करणाऱ्या बायकांच्या एका गटाची बँक खाती बंद झाली तेव्हा त्यांनी देणग्या बिटकॉइनमध्ये घेतल्या. हे कोणी भाषणात फुगवून सांगितलेलं नाही, घडलेलं आहे.

फक्त "एक नाणं एक डॉलर" हे कोण म्हणतंय ते बघायला पाहिजे. टेदरमागे एक कंपनी आहे आणि ती सांगते की आमच्याकडे तेवढे रोखे ठेवलेत, म्हणजे आला की परत वहीवाला. टेरायूएसडी नावाचं एक होतं, त्याच्यामागे रोखे-बिखे काही नाही, नुसती दुसऱ्या नाण्याशी अदलाबदल करणारी युक्ती, मे २०२२ मध्ये ते आणि त्याचं जोडीदार नाणं लुना आठवड्याभरात झोपलं आणि सुमारे ४० अब्ज डॉलरचं मूल्य हवेत गेलं.

पहिला आजार मात्र वेगळा, आणि तिथे आपल्याला लांब जायची गरज नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली, २९ सप्टेंबर २०१०, देशातलं पहिलं आधार कार्ड त्या गावात दिलं गेलं. तेव्हा बिटकॉइन पावणेदोन वर्षांचं होतं, त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत एकाने दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन मोजले होते. म्हणजे दोन रस्ते जवळजवळ एकदमच निघाले. एक म्हणाला माणसाची ओळखच नको, फक्त किल्ली, म्हणजे पैसे हलवायचा गुप्त आकडा, पाहिजे. दुसरा म्हणाला आधी माणसाची ओळख पक्की करू. मग २०१४ ला जनधन, २०१६ ला यूपीआय, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात एक हजार कोटींच्या वर व्यवहार झाले, भागून बघा, सेकंदाला साडेतीन हजारांच्या वर सरासरी पडते. बिटकॉइनची मूळ वही सेकंदाला फार तर सात. लाइटनिंगसारख्या, मूळ वहीच्या बाहेर व्यवहार करणाऱ्या जोड आल्यात त्याने वेग वाढतो हे खरंय, पण सुरतला उधना-लिंबायतमध्ये काम करणारा आपला माणूस घरी दोन हजार टाकतो तेव्हा त्याला ह्यातलं काही लागत नाही, फुकट आणि लगेच जातात. आधी हेच पैसे गावाकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी खिशातून यायचे, व्यापाऱ्यांचे आंगडियाकडून, म्हणजे खासगी कुरिअरवाल्याकडून. केनियाने तर हे २००७ मध्येच एम-पेसाने केलं, साधा बटणाचा फोन आणि एसएमएस, बिटकॉइनचा जन्म पण व्हायचा होता.

म्हणून धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात जाऊन ब्लॉकचेन सांगणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो, भाऊ रेंज कुठून आणणार? तिथे अडचण वहीची नाही. टॉवरची आहे, अंगठा न उमटण्याची आहे, बँकमित्राचं मशीन बंद असण्याची आहे.

एल साल्वादोरने हे करून पाहिलं. सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन कायदेशीर चलन केलं, सरकारी ॲप घेतलं की ३० डॉलर फुकट. त्या देशाच्या उत्पन्नाचा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग परदेशातल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशांचा, त्यामुळे ही गोष्ट चालायची तर तिथेच चालायला पाहिजे होती. बहुतेकांनी ३० डॉलर उडवले आणि ॲप विसरले, घरी येणाऱ्या पैशांपैकी अगदी थोडे ह्या वाटेने आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये नाणेनिधीकडून कर्ज घेताना कायदा बदलून दुकानदारावरची सक्ती काढली.

का नाही चाललं? मला ह्याचं कारण दोन टोकांमध्ये दिसतं. समजा माझा मावसभाऊ मस्कतला आहे, त्याच्या हातात रियाल, मावशीला पाहिजे रुपये. परदेशातून २०० डॉलर पाठवायला जगात सरासरी सहा टक्क्यांच्या वर खर्च येतो आणि तो जास्तच आहे. क्रिप्टो मधला प्रवास स्वस्त करतं, अगदी मिनिटांत. पण रियालचं नाणं करून देणारा एक लागतो आणि इकडे नाण्याचे रुपये करणारा एक, दोघं आपलं कमिशन घेणार, आणि तोपर्यंत भाव पडला तर मावशीचं नुकसान. मधला दलाल हाकलला म्हणतात तो दोन्ही दारांत उभा असतो. आणि चोऱ्या होतात त्या पण बहुतेक दारातच, बिटकॉइनची मूळ वही फोडून नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडालं ते एक्सचेंज होतं, म्हणजे नाणी घ्यायची-विकायची कंपनी, जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या वझीरएक्समधून २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले ते पण एक्सचेंज.

ह्या दोन दारांचा विचार करून जिथे काम झालं तिथे बरं झालं. जॉर्डनमधल्या अझराक छावणीत २०१७ पासून जागतिक अन्न कार्यक्रमाने सीरियन निर्वासितांचं रेशन ब्लॉकचेनवर लिहायला सुरुवात केली, बाई दुकानात जाते, डोळा स्कॅन करते, सामान घेते, बँकेला जाणारी फी वाचते. पण नीट बघा, त्या बाईकडे ना नाणं ना किल्ली, आणि वही संस्थेच्याच ताब्यात. मग ब्लॉकचेनच कशाला, साधी कॉम्प्युटरची खतावणी पण चालली असती, असं मला राहून राहून वाटतं.

आपल्या कायद्याचं थोडक्यात, २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोपासून लांब राहायला सांगितलं, मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

मामांनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाले मंग तू घेतलं का नाही. घेतलं होतं. दोन हजारांचं, शिकायला म्हणून, आणि शहाणपणा करून एक्सचेंजवर न ठेवता स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ली आपल्याच मोबाईलवर ठेवणाऱ्या ॲपमध्ये, काढलं, त्यात फीच बरीच गेली. वॉलेटने बारा शब्द दिले आणि बजावलं की मोबाईल गेला तर हे शब्द म्हणजेच तुमचे पैसे, कागदावर लिहा, कोणाला सांगू नका, आम्हाला विचाराल तर आमच्याकडे पण नाहीत. घरात न हरवणारा कागद कोणता, तर भिशीची वही. बैलाच्या शेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवले.

मग मोबाईल एकदा चार्जिंगला लावलेला असताना जळाला. नवीन घेतला, वॉलेट टाकलं, बारा शब्द मागितले, मी फळीवरून वही काढली तर कोरी करकरीत, निळा पुठ्ठा. जुनी दिवाळीत भरली म्हणे. पहिल्याच पानावर वरती आईचं अक्षर, मागील पानावरून पुढे, आणि खाली बाराही बायकांची बाकी रुपया न चुकता उतरवलेली. जुनी माळ्यावर आहे का रद्दीत गेली ते तिला आठवत नाही. दर रविवारी एक एक खोकं उतरवून बघतोय.