टपालशुल्काचा कूटबद्ध ठसा

टपालशुल्क भरल्याचा पुरावा म्हणून तिकिटाच्या जागी पाकिटावर छापला जाणारा ठिपक्यांचा चौकोनी संकेत. शुल्क किती, ते कोणत्या यंत्राने वजा केले, तारीख कोणती, पत्र कोणत्या पिनकोडला जायचे, एवढा मजकूर त्यात असतो आणि मजकुरामागे त्याची अंकीय (डिजिटल) स्वाक्षरी असते. ‘कूटबद्ध’ हा शब्द रूढ असला तरी जरा फसवा आहे. ठशात सहसा लपवलेले काही नसते. योग्य ॲप असलेला कोणीही मोबाइल धरून आतले आकडे वाचू शकतो. गुप्त असते ती स्वाक्षरी करणारी खाजगी किल्ली, म्हणजे एक प्रचंड आकडा, आणि ती टपाल खात्याने मंजूर केलेल्या सीलबंद यंत्रातून बाहेर येत नाही. तपासणाऱ्याजवळ तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली असते. तिने स्वाक्षरी ताडून पाहता येते, नवी करता येत नाही.

पानटपरीवर चिकटवलेल्या पैसे घेण्याच्या क्यूआरशी याची गल्लत होते. क्यूआर किंवा डेटा मॅट्रिक्स (क्यूआरसारखाच ठिपक्यांचा दुसरा चौकोनी संकेत) ही नुसती लिपी आहे, जशी देवनागरी. ‘५ रुपये भरले’ एवढेच लिहिलेला क्यूआर कोणीही दोन मिनिटांत बनवतो. त्यामागे स्वाक्षरी नसेल तर पोस्टाच्या लेखी तो कोरा कागद.

बनावट आणि झेरॉक्स

डिंकाच्या तिकिटाची किंमत कागदात असते. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसची छपाई, कागद, कडेची छिद्रे हे सगळे हुबेहूब उतरवणे कठीण, आणि एकदा गोल शिक्का बसला की तिकीट मेले. तेच तिकीट पुन्हा लावण्याची लबाडी मात्र तिकिटाइतकीच जुनी आहे. १८४० च्या पेनी ब्लॅकवर लाल शाईचा शिक्का मारत. ती शाई काढून तिकीट परत वापरता येते हे लक्षात आल्यावर १८४१ मध्ये तिकीटच लाल केले आणि शिक्का काळा. १९२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या, पाकिटावर थेट शुल्क छापणाऱ्या फ्रँकिंग यंत्राने तिकीट काढून टाकले, पण त्याचा भरवसा लोखंडी ठशावर आणि आत हिशेब मोजणाऱ्या चाकांवर होता. चाके फिरवणारे निघाले. १९९० च्या दशकात अमेरिकी टपाल खात्याने स्वाक्षरीच्या ठशाचे नियम आखले आणि १९९९ मध्ये इंटरनेटवरून शुल्क भरून घरच्या प्रिंटरवर ठसा छापायला परवानगी दिली.

इथे किंमत आकड्यांत गेली. कागद आणि शाई कोणाचीही चालते. त्यामुळे किल्लीशिवाय नवा ठसा घडवणे जवळपास अशक्य, पण असलेल्या ठशाची झेरॉक्स काढणे अगदी सोपे, आणि ती झेरॉक्स मूळ ठशाइतकीच खरी. विदर्भातल्या शेतकऱ्याला हा फरक सातबाऱ्यावरून पटकन कळेल. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून उतरवला की त्याच्या कितीही प्रती काढा, कोणाचे काही जात नाही. बँकेला फक्त तो खरा आहे की नाही एवढेच पाहायचे असते. टपालाच्या ठशात प्रत काढणे हीच चोरी आहे. म्हणून तपासणीला दोन प्रश्न पडतात: ठसा खरा आहे का, आणि तो आधी वापरलेला आहे का. पहिल्याचे उत्तर गणित देते, दुसऱ्याचे फक्त नोंदवही.

यंत्राचा हिशेब

स्वाक्षरी करणाऱ्या यंत्रात दोन आकडे चालतात. चढता आकडा म्हणजे आजवर छापलेले एकूण शुल्क, उतरता म्हणजे शिल्लक. दोन्हींची बेरीज आजवर भरलेल्या रकमेइतकी यायलाच हवी. समजा, वरुडच्या एका सेवा सहकारी सोसायटीने यंत्रात ३,००० रुपये भरले आणि सभेच्या ४०० नोटिसा पाठवल्या. साध्या पत्राचे ५ रुपये धरून चढता आकडा २,०००, उतरता १,०००, बेरीज ३,०००. ही बेरीज चुकली की यंत्राने स्वतःला बंद करून घ्यायचे असते.

रक्कम आधी वजा होते, ठसा मग छापला जातो. उलट क्रम ठेवला तर ठसा हातात आल्याबरोबर प्लग काढणारा फुकटात पत्रे पाठवील. या क्रमाचा भुर्दंड प्रामाणिक माणसाला बसतो: ऐन छपाईत लाइट गेली किंवा पाकीट अडकले की ५ रुपये गेले आणि ठसा अर्धवट. असे वाया गेलेले पाकीट फेकायचे नाही, परताव्यासाठी तोच पुरावा. भारनियमनाच्या गावात छोटा यूपीएस यासाठीच लागतो, संगणकासाठी नव्हे.

ठशात काय मावते

एक नमुना मांडून पाहू. ठशाच्या रचनेची आवृत्ती १ बाइट (बाइट हे संगणकातला मजकूर मोजायचे माप), यंत्रक्रमांक ४, ठशाचा अनुक्रमांक ४, चढता आकडा ४, शुल्क पैशांत २, तारीख २, वजनाचा गट १, पिनकोड ३ (तीन बाइटांत १ कोटी ६७ लाखांपर्यंतचा आकडा बसतो, त्यामुळे सहा अंकी पिनकोडला पुरेसे). एकूण २१. त्यावर इलिप्टिक कर्व्ह पद्धतीची, २५६ बिटांच्या वक्राची स्वाक्षरी ६४ बाइट. झाले ८५. डेटा मॅट्रिक्सच्या ३६ × ३६ घरांच्या चौकोनात ८४ बाइट मावतात! एका बाइटने हुकते आणि ४० × ४० चा पुढचा चौकोन घ्यावा लागतो. त्याची क्षमता ११२ बाइट, म्हणजे २७ बाइट रिकामे राहतात. आरेखन करणारे अशा वेळी आवृत्तीचा आणि वजनगटाचा बाइट एक करून ३६ चा चौकोन पदरात पाडून घेतात. स्वाक्षरीच जागा खाते, हे मूळ दुखणे. १०२४ बिटांच्या आरएसए या जुन्या स्वाक्षरी पद्धतीत तर एकटी स्वाक्षरी १२८ बाइटांची होई. लिऑन पिन्त्सोव आणि स्कॉट व्हॅनस्टोन या संशोधकांनी २००० साली टपालासाठीच अशी पद्धत मांडली, की मजकुराचा काही भाग स्वाक्षरीच्या पोटातच बसतो आणि एकूण लांबी कमी होते.

स्वाक्षरीऐवजी दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली ठेवली तर चार-आठ बाइटांत काम भागते. मग मात्र तपासणाऱ्या प्रत्येक यंत्रात ती किल्ली ठेवावी लागते. देशात दीड लाखाहून अधिक डाकघरे, त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास ग्रामीण. एखाद्या गावातले एक यंत्र हरवले तर सगळ्या किल्ल्या बदला! ही पद्धत मोजक्या मोठ्या छाननी केंद्रांतच शोभते.

तपासणी कुठे करावी

गावच्या शाखा डाकघरातून थैली उपडाकघरात, तिथून छाननी कार्यालयात, आणि उतरताना याच वाटेने उलट. पहिला प्रश्न, म्हणजे स्वाक्षरी खरी का, यापैकी कुठेही नेटवर्कशिवाय सुटतो. १०,००० यंत्रांच्या सार्वजनिक किल्ल्या प्रत्येकी ३३ बाइटांनी तीन लाख तीस हजार बाइट होतात. ग्रामीण डाक सेवकाच्या हातातल्या यंत्राला हे ओझे नाही.

दुसरा प्रश्न, म्हणजे ठसा आधी वापरलेला आहे का, अवघड. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात किंवा भामरागडकडे दर पत्रामागे मध्यवर्ती सर्व्हरला विचारायचे ठरवले तर टपाल तिथेच पडून राहील. यावरचा तोडगा पिनकोडमध्ये आहे. स्वाक्षरीच्या मजकुरात जायच्या ठिकाणाचा पिनकोड घातला की वरुडच्या ४४४९०६ या पिनकोडचा ठसा मोर्शीच्या, म्हणजे ४४४९०५ च्या पाकिटावर चालत नाही. त्याची झेरॉक्स वापरायची तर वरुडच्याच पत्रावर वापरावी लागते. आणि ४४४९०६ ची सगळी पत्रे वाटपासाठी शेवटी वरुडच्या डाकघरातूनच जातात. म्हणजे देशभराची नोंदवही नको. प्रत्येक वाटप डाकघराने आपल्या पिनकोडपुरती ठेवली की पुरे. दिवसाला ३०० पत्रे आणि ठसा वापरायला १५ दिवसांची मुदत धरली तर ४,५०० नोंदी, प्रत्येकी यंत्रक्रमांक आणि अनुक्रमांक मिळून ८ बाइट, एकूण ३६,००० बाइट. मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षा कमी. नेट लागते ते संध्याकाळी एकदा, रद्द झालेल्या यंत्रांची यादी घ्यायला.

म्हणून पिनकोड ऐच्छिक ठेवणारी रचना ग्रामीण भागासाठी निरुपयोगी समजावी. त्यातही एक भोक उरतेच: गावातल्या गावात टाकलेले पत्र शाखा डाकघरातूनच परस्पर वाटले गेले तर ते उपडाकघराच्या वहीत येत नाही. तिथे शाखेच्या यंत्रातही नोंद हवी.

तारखेची मुदत ठरवताना नकाशा बघावा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो आणि थैली अडकते. मुदत वाटपाच्या दिवसावरून मोजली तर खरी पत्रे बाद होतील; ती टपालात टाकल्याच्या शिक्क्यावरून मोजली पाहिजे.

दोन सारखे ठसे सापडले की दुसरा तो खोटा, असे मानण्याकडे कल असतो. हे चूक आहे. सभेच्या नोटिशीचा फोटो काढून कोणी आपले पत्र आधी पोहोचवले तर मूळ मालकाचेच पत्र ‘दुसरे’ ठरते. ठसा दोनदा आला एवढेच वही सांगते. कोणी केले ते यंत्रक्रमांकावरून धारकाला विचारून शोधावे लागते. ब्रिटनमध्ये ३१ जुलै २०२३ नंतर बारकोड नसलेली नेहमीची तिकिटे बंद झाली. पुढे दुकानातून रीतसर घेतलेली तिकिटे बनावट ठरवून ५ पौंड मागितल्याच्या तक्रारी आल्या. यंत्राचा निकाल अंतिम मानला की दंड पत्र घेणाऱ्याच्या दारात जातो.

छपाईत काय बिघडते

बहुतेक नापास ठसे चोरीचे नसतात, छपाईचे असतात. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या) लेबल प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटर, चार ठिपक्यांचे एक घर ठेवले तर ०.५ मिलिमीटर, आणि ४० घरांचा चौकोन २० मिलिमीटर. कडेने निदान एक घर कोरे हवे. आता ऑपरेटरने पाकिटात बसावे म्हणून चित्र ९० टक्के केले, की एका घराला ३.६ ठिपके येतात. प्रिंटर काही घरे तीनची करतो, काही चारची, आणि डोळ्यांना सुबक दिसणारा ठसा यंत्राला वाचता येत नाही. आकार बदलायचाच तर पूर्ण ठिपक्यांत बदलावा: तीन किंवा चार, मधले काही नाही.

४० × ४० च्या चौकोनात ४८ शब्द (इथे शब्द म्हणजे संकेतातला एक बाइट) दुरुस्तीसाठी असतात, त्यांतून २४ बिघडलेले शब्द परत उभे करता येतात. पावसाळ्यात ओल धरलेल्या थैलीत इंकजेटची शाई पसरते, तेव्हा ही दुरुस्ती बऱ्याचदा तारून नेते. डाव्या आणि खालच्या कडेची सलग काळी रेघ मात्र यात येत नाही. ती तुटली तर यंत्राला चौकोन सापडतच नाही, मग दुरुस्ती कशाची करणार? थर्मल लेबल उष्णतेने काळवंडते आणि तेलकट हाताने पुसट होते. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना उन्हात उभ्या बंद गाडीत अशा लेबलांचा गठ्ठा ठेवू नये. खाकी पाकिटावर काळ्या-पांढऱ्याचा फरक कमी पडतो, तिथे पांढरे लेबल लावावे. तयार पाकिटांवर सेलोटेप मारण्याची सवयही घातक. टेप चमकते आणि वाचक आंधळा होतो.

सर्वांत मोठा शत्रू खात्याचाच आहे. तिकिटावर शिक्का मारायची सवय हाताला इतकी मुरलेली असते, की तारखेचा गोल शिक्का बरोबर ठशाच्या मधोमध बसतो. तो ठशाशेजारी मारावा. इथे रद्द करण्याचे काम वहीतली नोंद करते, शाई नाही.

शाखा डाकघरातला बारकोड

विदर्भातल्या खेड्यात साध्या पत्रावर अजून तिकीटच असते. लोकांच्या ओळखीचा बारकोड म्हणजे स्पीड पोस्टचा: दोन अक्षरे, आठ अंक, एक ताळ्याचा अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. ताळ्याचा अंक हाताने काढता येतो. ३१४६०५२७ या अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा: २४, ६, १६, १२, ०, २५, १८, ४९. बेरीज १५०. ११ ने भागून बाकी ७, आणि ११ वजा ७ म्हणजे ४. (उत्तर १० आले तर ०, ११ आले तर ५ लिहितात.) हा ४ चुकीची टंकलेली संख्या पकडतो, चोर पकडत नाही, कारण तो कोणालाही काढता येतो. स्पीड पोस्टचा बारकोड वस्तूची ओळख सांगतो. पैसे भरल्याची नोंद काउंटरच्या संगणकात आणि पावतीवर असते.

शुल्क न भरलेल्या पत्राला जुनी माणसे बेरंग म्हणतात. कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेऊन ते हाती पडते, नाकारले तर पाठवणाऱ्याकडे परत जाते. कूटबद्ध ठशाला हा नियम लावताना न वाचता आलेला ठसा आणि न भरलेले शुल्क यांत फरक करावा लागतो. स्वाक्षरी जुळत नसेल तर पत्र बेरंग. चौकोन वाचलाच जात नसेल तर ठशाखाली साध्या अंकांत छापलेला यंत्रक्रमांक आणि अनुक्रमांक हाताने टंकून वहीत पाहावा, आणि तोवर घरच्यांकडून पैसे मागू नयेत.