लसीकरणाची पोच (पुणे शहर)

लस साठ्यात असणे आणि ती ठरल्या वयात बाळाला मिळणे, या दोहोंमधले अंतर कमी करण्याचे काम म्हणजे लसीकरणाची पोच वाढवणे. पुण्यात हे अंतर डोळ्यांत भरते. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट (स्थापना १९६६) कितीतरी देशांना लशी पुरवते, राष्ट्रीय कार्यक्रमातील लशी महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळतात. तरीही बांधकामांवरच्या पत्र्याच्या खोल्यांत आणि वीटभट्ट्यांवर डोस चुकलेली बाळे सापडतात. अडचण बहुतेक वेळा यादीची असते. जे बाळ कोणाच्याच यादीत नाही, त्याला कोणी बोलावत नाही.

नाव निसटण्याची एक नेहमीची जागा म्हणजे माहेरचे बाळंतपण. बीसीजी (क्षयरोगावरची लस), पोलिओचा जन्मावेळचा (शून्य) डोस आणि २४ तासांतली हिपॅटायटिस बी माहेरच्या गावी होते, दीड महिन्याचे पेंटाव्हॅलंटही (पाच रोगांवरची एकत्रित लस) तिथेच. तिसऱ्या महिन्यात आई पुण्याला येते आणि कार्ड माहेरी राहते. तिकडच्या वहीत बाळ ‘गावाला गेले’ असते, इकडच्या वहीत ते आलेलेच नसते. मुक्काम हलवत फिरणाऱ्या मजुरांच्या बाळांचे तर दर काही महिन्यांनी असेच होते.

त्यासाठी दोन आकडे पाहतात. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोसच न मिळालेले बाळ ‘झिरो डोस’ धरले जाते. पहिला घेऊन तिसऱ्यापर्यंत न पोचलेल्यांचे प्रमाण म्हणजे गळती. गळती १० टक्क्यांवर गेली तर लसीकरण सत्राची वेळ किंवा पाठपुरावा चुकतो आहे. झिरो डोस बाळे जास्त असतील तर घरोघरची पाहणीच अपुरी पडली आहे. दोन्ही दुखणी वेगळी, उपायही वेगळे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष या केंद्राच्या लसीकरण मोहिमेचा भर अशाच सुटलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या बाळांवर आहे.

सूक्ष्म नियोजनात आधी नकाशा, मग घरोघर मोजणी, त्यातून देय (डोस द्यायची वेळ झालेल्या) बाळांची यादी आणि शेवटी सत्राची जागा, असा क्रम लागतो. जागा आधी ठरवून यादी नंतर केली की जवळची घरेच पुन्हा पुन्हा मोजली जातात. बांधकामावर आशाताईंनी मुकादमाला गाठावे. कोणत्या खोलीत तान्हे बाळ आहे हे त्याला ठाऊक असते. दुपारच्या सत्राला यायचे तर आईची हजेरी बुडते, म्हणून संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी सत्र ठेवावे. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुटी गुरुवारी असते, रविवारी नाही.

लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. लसवाहकात (लशी नेण्याच्या थंड डब्यात) फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक तसेच भरणे ही घातक चूक आहे. पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज आला पाहिजे, मगच तो भरावा. पेंटाव्हॅलंट गोठली की निकामी होते, आणि कुपीवरचा उष्णतादर्शक चौकोन गोठणे दाखवत नाही. गोवर-रुबेलाची अनेक डोसांची कुपी विरघळवल्यापासून ४ तासांत संपवावी लागते. लस वाया जाईल म्हणून ‘पुढच्या वेळी या’ सांगण्याचा मोह इथेच होतो. एका बाळासाठीही कुपी उघडावी; परत पाठवलेली आई पुन्हा येईलच असे नाही.

उशीर झाला म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेला डोस किमान ४ आठवड्यांच्या अंतराने पुढे चालू होतो. पेंटाव्हॅलंटची सुरुवात मात्र वर्षाच्या आत झाली पाहिजे, नंतर त्याऐवजी ट्रिपल (डीपीटी) देतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहून गेल्यास ५ वर्षांपर्यंत देता येतो.

टोचल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून घेतात. त्या वेळात आईला चार गोष्टी सांगाव्यात: कोणती लस दिली, पुढची तारीख, ताप-सूज आल्यास काय करायचे, आणि गावी जाताना कार्ड सोबत न्यायचे.